आल्माची पाठ आणि चौकोनातली फुली

आल्मा सोंग करते, हे आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी साडेसातला ती रूल्स नावाच्या मालकाच्या फुलबागेत कामाला यायची तेव्हा तिची मान, खांदे आणि पाठ यांचा मिळून एकच फळा झालेला असायचा. मागून कुणी हाक मारली तर ती नुसती मान वळवत नसे, अख्खी वळे. आणि दहाच्या कॉफीनंतर हीच बाई कुंड्यांचे भरलेले ट्रे धडाधड उचलताना दिसायची. आता हे पाहून माणसाने काय समजायचं? लोकांना जे समजायचं ते त्यांनी केव्हाच समजून घेतलं होतं.

घेंट शहराच्या पूर्वेकडच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा, म्हणजे पंचाऐंशी साली, घराघरातलं कुणी ना कुणी अझालियाच्या फुलझाडांच्या काचघरांत राबत होतं. आल्मा तिथे बावीस वर्षं कुंड्या भरायच्या टेबलापाशी उभी होती. डावीकडे वळून रिकामी कुंडी घ्यायची, मध्ये माती भरून रोप दाबायचं, उजवीकडे वळून ट्रेमध्ये ठेवायचं. टेबल मालकाच्या बापाने स्वतःच्या उंचीला बेतून घेतलेलं, आणि बाप होता बुटका. त्यामुळे सगळ्या बायका दिवसभर वाकून. पाठ सगळ्यांचीच दुखायची आणि त्याबद्दल बोलायचं नाही असा तिथला रिवाज होता. पाठदुखी ही घामासारखी, ज्याची त्याने पुसायची.

आल्माची दुखायची ती मात्र कंबर नव्हे. दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, जिथे आपला स्वतःचा हात धड वरून पोचत नाही न खालून, तिथे. पहाटे चारला तिला त्या दुखण्याने जाग यायची. कूस बदलायची तर आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे असं एकेक करून सगळं पलीकडे न्यावं लागायचं. शिंक आली की बरगड्यांभोवती कुणी पट्टा आवळावा तसं व्हायचं, म्हणून ती नाक दाबून शिंक जिरवायची. सकाळी नवरा दोन्ही हात धरून तिला उठवून बसवायचा आणि मग तासदीड तास ती स्वयंपाकघरात मागेपुढे चालत राहायची. चाललं की हळूहळू सुटायचं. बसलं की पुन्हा धरायचं.

नवऱ्याचं नाव ओडिलोन. त्याला कबुतरांच्या शर्यतीचा नाद. रोज संध्याकाळी तो एकेक कबूतर हातात घेऊन त्याच्या छातीचं हाड चाचपायचा, पंख उलगडून बघायचा, चोचीत डोकावायचा. बावीस वर्षांत बायकोच्या पाठीला त्याने हात लावून पाहिला नव्हता. वाईट नव्हता तो. कबुतरं तक्रार करत नाहीत, एवढंच त्याला आवडायचं.

सासूचं नाव झुल्मा. आमच्याकडे हे जुनं, प्रतिष्ठित नाव आहे. मराठी कानाला त्यात दुसरं काही ऐकू आलं तर कानाला दोष देता येणार नाही. ऐंशीची म्हातारी, पुढच्या खोलीत पडद्याआड खुर्ची टाकून बसायची. आयुष्यभर बीटच्या शेतात खुरपून ती काटकोनात वाकली होती आणि त्या काटकोनाचा तिला पदकासारखा अभिमान होता.

"मला दोन पोरं शेतातच झाली," ती आल्माला ऐकवायची. "एक दिवस खाडा नाही. आणि तुझी पाठ? सरळसोट! लष्करातल्या शिपायासारखी! दुखणारी पाठ अशी असते होय?"

"मा, सकाळी बघा ना मला."

"सकाळी सगळेच आळशी असतात, पोरी."

त्या सप्टेंबरात गावच्या पोहण्याच्या तलावापाशी ग्रीत नावाच्या एका तरुण मुलीने व्यायामोपचाराचं दुकान थाटलं. दुकान कसलं, एक खोली, एक उंच बाक आणि भिंतीवर हाडांचं चित्र. आल्मा चोरून तिच्याकडे गेली. ग्रीतने तिला कपडे काढून उभं केलं, आणि आधी पाठीला हात न लावता नुसती प्रश्न विचारत राहिली. पहाटे जाग येते? येते. सकाळी किती वेळ आखडलेलं असतं? दीड तास. पडून राहिलं की बरं वाटतं की वाईट? वाईट. चाललं की?

"चाललं की सुटतं," आल्मा म्हणाली आणि शरमली. गुन्हा कबूल केल्यासारखं तिला वाटलं.

"अहो मादाम, हीच तर खूण आहे," ग्रीत म्हणाली. "कामाने शिणलेली पाठ पडून राहिलं की विसावते. तुमची उलटी वागते. मला वाटतं हाडांच्या सांध्यांना आतून सूज आहे. मी डॉक्टर नाही. तुम्ही सांधेवातवाल्या मोठ्या डॉक्टरांकडे जा, घेंटला. पण तोवर एक गोष्ट पक्की धरा. पडून राहायचं नाही."

मग तिने शिकवलं. टॉवेलची गुंडाळी करून पात्यांच्या खाली आडवी ठेवायची आणि त्यावरून हळूच मागे झुकायचं, दुखेल इतकं नाही, ताण जाणवेल इतकं. भिंतीला तोंड करून दोन्ही तळवे वर वर सरकवायचे. खुर्चीत बसून हात छातीवर आणि खांदे डावीकडे, उजवीकडे. दिवसातून चारदा खोल श्वास, बरगड्या बाजूंनी फुगतील असा. सकाळी गरम पाण्याची धार पाठीवर. मऊ खुर्चीत ढेपाळून बसायचं नाही. दर मंगळवारी शेजारच्या तलावात पोहायचं. आणि रोज तासभर, जमलं तर दोन तास, झपझप चालायचं. "चालणं सोडलंत," ग्रीत म्हणाली, "तर ही पाठ जशी असेल तशीच थिजायला लागेल. पुढे वाकलेली असेल तर वाकलेली."

आल्माने सहा दिवस हे सगळं केलं आणि सातव्या पहाटे ती चारऐवजी साडेपाचला जागी झाली. दीड तास झोप फुकट मिळाली म्हणून ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. पण कुंड्यांच्या टेबलापाशी आठ तास वाकलं की दुपारपर्यंत सगळं पाण्यात जायचं. घेंटच्या डॉक्टरांकडे नंबर लागत होता मार्चचा. तोवर थोडे आठवडे सुट्टी मिळाली, चालता आलं, तर पाठ वाचेल. आणि नोकरीही टिकली पाहिजे. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते काही फार नव्हतं.

गावचे डॉक्टर फान हेके सत्तरीला टेकलेले. निम्मं गाव त्यांच्या हातून जन्मलेलं. त्यांनी आल्माच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. ग्रीतचं म्हणणं ऐकून ते हसले.

"तो आजार पुरुषांचा असतो, आल्मा. तोही पंचविशीतल्या. तू बेचाळीसची बाई. तुला विश्रांती हवीय, बस. तीन आठवडे देतो."

आमच्याकडे आजारपणाच्या दाखल्यावर खाली दोन चौकोन असतात. एक, रुग्णाने घराबाहेर पडण्यास हरकत नाही. दुसरा, घराबाहेर पडू नये. डॉक्टर दोन्हींपैकी एकात फुली मारतात. कायद्याने पाहिलं तर एवढीशी फुली. पण आमच्या गावात तिच्यावरून माणसाची लायकी ठरते. पहिल्या चौकोनात फुली म्हणजे लबाड, जत्रेला जायला मोकळा. दुसऱ्यात फुली म्हणजे खरा आजारी, इभ्रतीचा आजारी. डॉक्टर फान हेके भल्या घरच्या माणसांना दुसऱ्याच चौकोनात फुली द्यायचे, सर्दी असली तरी. तो त्यांचा आहेर होता.

आल्माने फुली पाहिली, दुसऱ्याच चौकोनात. "डॉक्टर, मला चालायला सांगितलंय. ती पहिल्या चौकोनात मारता का?"

"वेडी आहेस का? ती फुली घेऊन गेलीस तर रूल्स काय म्हणेल? रोझेट काय म्हणेल? ही ठेव. ही दमदार आहे."

आता खरं सांगायचं तर तिने तिथे हट्ट धरायला हवा होता. टेबलावर हात आपटायला हवा होता. पण रोझेटचं नाव निघालं आणि तिने कागद उचलला. रोझेट तिच्या शेजारच्या जागेवर कुंड्या भरायची आणि जिभेने माणसं सोलायची. बावीस वर्षांत पहिल्यांदा मिळणारा आजार निदान इभ्रतीचा तरी असावा, असं आल्माला वाटलं. तिने कागदाची घडी घातली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

रोज दुपारी दोनला, रस्त्यावर माणूस नसताना, ती मागच्या दाराने बाहेर पडायची आणि कालव्याच्या काठाने लोकेरेन गावाच्या दिशेला चालत सुटायची. चौथ्या दिवशी तिला वळून मागे पाहता आलं. म्हणजे नुसती मान वळवून. तिने एक बदक पाहिलं, आणि मुद्दाम परत एकदा वळून पाहिलं.

नवव्या दिवशी दुपारी तीनला मालकाने पाठवलेला तपासनीस डॉक्टर दारात उभा राहिला. आजारी माणूस घरी आहे ना, खरंच आजारी आहे ना, हे पाहणं एवढंच त्याचं काम. दार झुल्माने उघडलं.

इथे ती काहीही बोलू शकली असती. औषधाच्या दुकानात गेलीय, म्हणायचं. डॉक्टरकडे गेलीय, म्हणायचं. एवढ्यावर तो निघून गेला असता आणि पुन्हा आला असता. गावातल्या प्रत्येक बाईने कुणासाठी ना कुणासाठी हे कधीतरी म्हटलेलं आहे. पण झुल्माला आयुष्यात कधी नव्हे तो खरेपणाचा उमाळा आला.

"ती होय? फिरायला गेलीय. रोजच जाते, दोन दोन तास. मंगळवारी पोहायलासुद्धा."

"पोहायला," त्या माणसाने लिहून घेतलं.

"छान पोहते म्हणे," झुल्मा म्हणाली.

आल्मा परतली तेव्हा टेबलावर चिठ्ठी होती, पाचला तपासनीसाच्या दवाखान्यात हजर राहा. ती तशीच गेली, चालून आलेली, अंग मोकळं झालेली, गाल लाल. दिवसाच्या चोवीस तासांतला तिचा सगळ्यात बरा तास त्यांनी निवडला होता. वाका, तो म्हणाला. ती वाकली. हात वर. हात वर गेले. वळा. ती वळली, बऱ्यापैकी वळली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं आणि क्षणभर, खुळी, तिला अभिमानही वाटला.

"मादाम, माझी बायकोसुद्धा इतकी वाकत नाही."

"सकाळी या ना, डॉक्टर. सहाला या. मी पलंगातून उठू शकत नाही."

"सहाला मीही उठू शकत नाही," तो म्हणाला, आणि कामास योग्य असा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडेसातला फुलबागेत उभी होती. मालकाने तिला ऑफिसात बोलावून बसायला न सांगता सांगितलं की फुली एकीकडे आणि पाय दुसरीकडे, हे पुन्हा झालं तर तिची जागा गेली म्हणून समजावं. टेबलापाशी रोझेटने तिच्यासाठी जागा केली, जरा जास्तच जागा केली.

"आली गं आपली जलपरी!" रोझेट म्हणाली. "पाणी गार होतं का?"

सगळ्या हसल्या. आल्माला डावीकडची कुंडी घ्यायला अख्खं वळावं लागलं, तशी रोझेटनेही तिच्या शेजारी उभं राहून अख्खं वळून दाखवलं, मान ताठ, डोळे वटारून. काय हुबेहूब केलं! मी तिथे असतो तर मीही हसलो असतो, आणि ही गोष्ट सांगताना मला त्याची लाज वाटते. हसण्याच्या भरात एकीने आल्माची पाठ थोपटली, नेमकी तिथेच. आल्मा ओरडली, आणि त्या आणखी हसल्या.

नोव्हेंबरात ती टेबलापाशी कोसळली. डॉक्टर फान हेकेंनी या वेळी तीन महिने दिले आणि फुली न विचारताच मारली, दुसऱ्या चौकोनात, कागद फाटेल इतकी ठळक. आणि आल्माने ठरवलं की आता कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. ती आजारी दिसेल. पुढच्या खोलीत, झुल्माच्या शेजारी, खिडकीत, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी ती बसून राहील. ओडिलोनने तिच्यासाठी एक मऊ, खोल खुर्ची आणली. त्याला तेवढंच सुचलं.

ग्रीत एकदा दारात येऊन गेली. "निदान घरातल्या घरात चाला. भिंतीचा व्यायाम करा. टॉवेल घ्या."

"खिडकीतून दिसतं," आल्मा म्हणाली.

"मग मागच्या खोलीत करा!"

"मा सांगते सगळ्यांना."

"सांगतेच मी," झुल्मा खुर्चीतून म्हणाली. "मी काय खोटं बोलू?"

ग्रीत संतापली. पाठ कुणाची आहे, तुमची की गावाची, असं तिने विचारलं. आल्मा खुर्चीतून हलली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण जळणाऱ्याला कळूनही तो बसून राहिला, तर दुसऱ्याने काय करावं? ग्रीत पुन्हा आली नाही. तपासनीस त्या हिवाळ्यात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा आल्मा खुर्चीत होती. दुसऱ्या वेळी त्याने टोपी काढून नमस्कार केला.

खुर्चीत बसलं की हनुवटी छातीकडे येते, खांदे पुढे येतात. दुखू नये म्हणून श्वास वरवरचा घ्यावा लागतो. डिसेंबरात तिला छताकडचा दिवा पाहायचा तर मागे रेलावं लागायला लागलं. जानेवारीत ओडिलोन कबुतराबद्दल काही सांगत उभा होता, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी बोलतो आहोत.

मार्चमध्ये घेंटला सकाळी नऊचा नंबर होता. तो डॉक्टर पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्याने तिला भिंतीला टाचा लावून उभं केलं आणि डोकं मागे टेकवायला सांगितलं. डोकं टेकेना. भिंत आणि डोकं यांच्यात त्याची चार बोटं सहज गेली. मग छातीभोवती टेप धरून खोल श्वास घ्यायला सांगितला आणि टेप जेमतेम हलला. क्ष-किरणाचं चित्र त्याने बराच वेळ पाहिलं.

"हे तुमच्या अंगात निदान पंधरा वर्षं आहे," तो म्हणाला. "बायकांनाही होतं, आम्ही शोधत नाही, म्हणून सापडत नाही. गोळ्या देतो, सूज उतरेल, दुखणं पुष्कळ कमी होईल. पण आकार... तो सगळा परत येणार नाही. या हिवाळ्यात तुम्ही काय केलंत?"

"बसले होते."

"बसला होतात? तुम्हाला कुणी चाला म्हणून सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

तिने पर्समधून तो जुना दाखला काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. त्याला काही कळलं नाही. तो शहरातला होता. त्याने नवा कागद घेतला, पहिल्या चौकोनात फुली मारली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की रोज एक तास चालणं हेच औषध आहे.

गावाला बातमी लागायला एक दिवस पुरला. आजाराला लांबलचक लॅटिन नाव होतं आणि तो फोटोत दिसला होता. रोझेट केक घेऊन आली, दारातच रडायला लागली, आणि आल्माला मिठी मारताना काळजीपूर्वक फक्त दंडांना धरलं. मालकाने अझालियाची मोठी कुंडी आणि बसून करायचं, लेबलं चिकटवायचं काम देऊ केलं. डॉक्टर फान हेके स्वतः घरी आले, खुर्चीपर्यंत वाकले आणि म्हणाले, "कोण म्हणेल गं, बाईलाही हे होतं!" झुल्माने सुनेला नखशिखान्त न्याहाळलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा समाधानाने मान हलवली.

"आता कशी दिसतेस," ती म्हणाली, "कष्ट उपसलेल्या बाईसारखी."

गोळ्यांनी आठवड्यात फरक पडला. आल्माने बूट चढवले, खिशात नवा कागद ठेवला आणि यावेळी पुढच्या दाराने, राजरोस, चालायला निघाली. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाईने धावत येऊन तिला आत नेऊन बसवलं आणि ओडिलोनला फोन केला. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने सायकल टाकली आणि दंडाला धरून तिला घरी पोचवलं. तिसऱ्या दिवशी ती कालव्यापर्यंत पोचली. तिथे पावाची गाडी करकचून थांबली आणि आशील पाववाला खाली उतरला.

"आल्मा! अगं, या अवस्थेत कुठे निघालीस?"

"चालायला. डॉक्टरांनी सांगितलंय. हा बघ कागद."

"ठेव तो कागद. तुझ्यासारखी कामसू बाई स्वतःहून कधी बसायची नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही? चल, बस गाडीत."

"आशील, मला चालू दे. मला चालायचंच आहे. मी बसले म्हणूनच अशी झाले!"

तिचा आवाज चढला होता. तिला त्याचं तोंड पाहायचं होतं, पण मान तेवढी वर होत नव्हती, म्हणून ती त्याच्या पीठ लागलेल्या एप्रनवर ओरडत होती. तिने खरोखरच त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला. आशील मागे हटला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय ना फार," तो हळू म्हणाला. "कळतं गं आम्हाला. आता सगळ्यांना कळतं."

मग त्याने तिला अलगद उचललं, ती होती केवढीशी, आणि पुढच्या सीटवर पाठीमागे उशी ठेवून बसवलं. पट्टा लावला. घराच्या दारात झुल्मा वाट पाहत उभी होती, मऊ खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवलेली. आशीलने आल्माला उतरवून तिच्यात बसवलं आणि जाताना एक ताजा पाव मांडीवर ठेवला. आमच्या गावात कुणी काही दिलं की बोलावं लागतं, म्हणून आल्मा म्हणाली, "आभारी आहे, आशील."